मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी घर करताना: गोव्यातल्या नवख्यांसाठी वाटाड्या

बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयातून डिस्चार्जचा कागद मिळतो, औषधांची चिठ्ठी मिळते, पुढची तारीख मिळते. माणसानं राहायचं कुठे, हे त्या कागदावर नसतं. आईवडील सत्तरीच्या पुढे गेलेले असतात, भावंडांचे संसार दोन खोल्यांत कसेबसे मावलेले असतात. भाड्यानं खोली मागायला गेलं की 'एकटाच राहणार? काय करतो?' या दोन प्रश्नांनंतर खोली नेमकी कालच गेलेली असते. मग काही कुटुंबं एकत्र येतात आणि ठरवतात की आपणच एक घर करू. आम्ही पाच कुटुंबांनी तेच केलं. फोंडा तालुक्यातलं एक जुनं कौलारू घर घेतलं, दुरुस्त केलं, आणि माझा धाकटा भाऊ आता तिथे राहतो.

हे त्याच वाटेनं निघालेल्यांसाठी लिहिते आहे. असं काम पहिल्यांदाच हाती आलेल्या तरुण आर्किटेक्टनीही वाचायला हरकत नाही. इस्पितळ कसं काढायचं ते त्यांना येतं, बंगलाही येतो. या कामात ते सवयीनं इस्पितळाकडे झुकतात.

आमची कसोटी एकच होती: हीच सोय माझ्या स्वतःच्या घरात मी खपवून घेतली असती का? नसेल, तर तिच्यासाठी भक्कम कारण हवं. सुरक्षितता लागतेच, पण ती बांधकामात मुरलेली असावी, राहणाऱ्याच्या अंगावर येऊ नये.

## १. आधी माणसं, मग नकाशा

प्लॉट बघायच्या आधी कोण राहणार हे ठरवा. इस्पितळातून बाहेर पडून काही महिने सावरायला हवेत अशांचं हाफवे होम वेगळं, वर्षानुवर्षं राहायचं समूहगृह वेगळं, आणि जवळजवळ स्वतंत्र राहणाऱ्याला आठवड्यातून दोनदा कुणी भेटून जाणं हे आणखी वेगळं. तिन्ही एकाच छपराखाली कोंबू नका. चार महिन्यांनी जाणाऱ्याला आणि कायम राहणाऱ्याला घराकडून लागणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात, आणि सततच्या ये-जेनं कायम राहणारा अस्वस्थ होतो.

संख्या चार ते सहा. 'एवढा खर्च करतोय तर बारा जणांची सोय करू' असं कुणीतरी म्हणणारच, आणि हिशेबाच्या वहीत त्याचं बरोबरही असेल. पण बारा माणसांना लागते जेवणाची घंटा, नियमांचा फळा, गणवेशातला वॉचमन. तिथे घर संपतं. चेन्नईच्या 'द बन्यन' या संस्थेनं 'होम अगेन' नावाचं काम उभं केलं, त्यात चार-पाच जणी साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात आणि मदतनीस सोबत असते. वर्षानुवर्षं इस्पितळात काढलेल्या बायका तिथे बाजारहाट करतात, भांडतात, पुन्हा बोलू लागतात. आम्हाला हा नमुना पटला.

नकाशा काढण्याआधी राहणाऱ्यांना विचारा. विचारायचं ते 'तुम्हाला कसं घर हवं?' असं नाही. 'सध्याच्या जागेत कशाचा त्रास होतो?' असं विचारा. माझ्या भावानं सांगितलं, दाराला आतून कडी हवी. दुसऱ्या एकाला पलंगावर बसल्या जागी फाटक दिसायला हवं होतं, कोण येतं ते कळावं म्हणून. तिसऱ्याला उलट रस्ता दिसणारी खिडकीच नको होती. तिघांच्या तीन खोल्या आम्ही याच उत्तरांवर वाटल्या, चौरस फुटांवर नाही.

## २. कायदा समजून घ्या, तोही सुरुवातीलाच

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. त्यातली पाच-सहा कलमं घर करणाऱ्यानं स्वतः वाचावीत.

कलम १९ म्हणतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरच्यांनी नाकारलं किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणानं त्याला इस्पितळात ठेवता येत नाही. हाफवे होम, समूहगृह अशा कमी बंधनाच्या सोयी करणं हे सरकारचं काम आहे, हेही तिथेच लिहिलेलं आहे. कचेरीत कुणी 'हे असलं काही नसतं' म्हणालं, तर हे कलम छापून सोबत असू द्या.

कलम ६५ नोंदणीचं. मानसिक आजार असलेली माणसं जिथे उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी ठेवून घेतली जातात, अशा जागेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माणूस आपल्या नातेवाइकांबरोबर किंवा मित्रांबरोबर राहतो ते कौटुंबिक घर यातून वगळलं आहे. तुमचं घर कुठल्या बाजूला पडतं, हे एखाद्या ओळखीच्या वकिलाच्या तोंडी मतावर ठरवू नका. घराचं स्वरूप एका पानावर लिहा (कोण राहणार, पगारी माणूस कोण, औषधं कोण देणार) आणि प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्या. कलम ९५ प्रमाणे कुणालाही साखळीनं बांधता येत नाही, ९७ प्रमाणे एकांतकोठडी चालत नाही. तेव्हा आर्किटेक्टनं नकाशात 'आयसोलेशन रूम' दाखवली, तर ती तिथल्या तिथे खोडा.

आता जमिनीचे कागद. गोव्यात खरा वेळ इथे जातो.

- एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन. कुळ आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का ते बघा. जागेत मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर हक्कानं राहणाऱ्याचं) घर असेल, तर ते व्यवहारात लपवलं जाण्याची शक्यता धरून चाला. स्वतः चक्कर मारून खात्री करा.
- सगळ्या सहमालकांची संमती, आणि प्रत्येकाच्या नवऱ्या-बायकोची सहीसुद्धा. आपल्याकडच्या नागरी कायद्यात विवाहितांची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात, त्यामुळे एकट्या भावाच्या सहीवर घर घेऊ नका. अर्धी वारसमंडळी लिस्बनला किंवा मुंबईला असतात. मुखत्यारपत्र लागेल.
- घरपट्टीची पावती आणि घर क्रमांक. जुन्या घराला हे असतं. मागच्या बाजूला वाढवलेल्या खोल्यांचं काय, ते वेगळं विचारा.
- नवीन बांधकाम असेल तर सनद (जमीन बिनशेती केल्याचा दाखला), टीसीपीची म्हणजे नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना.
- आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला. संडास-न्हाण्या वाढवल्या की सेप्टिक टाकी आणि सोकपिट पुरेल का, हा प्रश्न येतो. विहीर जवळ असेल तर आधीच येतो.
- अग्निशमन खात्याचं मत, लेखी.
- इंजिनीयरचा भिंती आणि छपराबद्दलचा अहवाल. वासे आतून वाळवीनं पोखरलेले असले, तरी बाहेरून रंग ताजा असू शकतो.
- तुमच्या संस्थेची किंवा न्यासाची नोंदणी, पॅन, बँक खातं, ठराव.
- मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, की रहिवाशांना ते तपासणार आहेत, आणि रात्री-अपरात्री काय करायचं.
- प्रत्येक रहिवाशाबरोबरचा साधा करार. शक्य असेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण (कलम १४) आणि आगाऊ निर्देश, म्हणजे पुढे आजार बळावला तर कसे उपचार हवेत-नकोत ते त्यानं लिहून ठेवलेलं (कलम ५).

झेरॉक्सचे तीन संच ठेवा. भाड्याचं घर घेत असाल, तर करारात वापराचं कारण स्पष्ट लिहा. मालकाला अर्धवट सांगून घेतलेलं घर पहिल्याच कुरबुरीत सोडावं लागतं.

## ३. जागा: 'शांत'पणाला भुलू नका

देणगीदारांना डोंगराच्या कुशीतली जागा आवडते. फोटो छान येतो. पण सत्तरी तालुक्याच्या टोकाला, शेवटच्या बसथांब्यापासून चार किलोमीटर आत घर केलंत, तर राहणारा माणूस घरातच अडकून पडतो. औषध आणायला गाडी, केस कापायला गाडी. प्रत्येक वेळी कुणावर तरी अवलंबून.

चालत दहा-पंधरा मिनिटांत काय काय हवं ते लिहून काढा: कदंबाचा (सरकारी बसचा) थांबा, किराणा, औषधाचं दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र, चहाचं हॉटेल, देऊळ किंवा चर्च, बसायला एखादा कट्टा. शिवाय काम. दुपारपुरतं का होईना, कुणाला नर्सरीत, कुणाला बेकरीत हात लावायला मिळाला तर दिवसाला आकार येतो. किनारपट्टीच्या तालुक्यांत भाडी पर्यटनाच्या हिशेबानं वाढलेली असतात आणि मालकाचा डोळा डिसेंबरावर असतो. फोंडा, डिचोली, साखळी, कुडचडे, अशा गावांच्या कडेला बघितलेलं बरं.

दारूचं दुकान हाकेवर नको. गोव्यात ही अट पाळणं म्हणजे काय ते मला सांगू नका, आम्ही शोधून थकलो होतो. पण औषधांवर असलेल्या माणसाच्या वाटेवर रोज बार लागत असेल, तर ती वाट बदलता यायला हवी. दुसरा रस्ता आहे का बघा.

घर एकदा दुपारी दोन वाजता आणि एकदा रात्री दहा वाजता बघा, जमलं तर पावसाळ्यात. सोबत टेप, टॉर्च आणि एक गोटी न्या. टॉर्च वाशांसाठी आणि कपाटांच्या मागच्या ओलीसाठी. गोटी न्हाणीच्या फरशीवर सोडली की पाणी कुठे साचणार ते कळतं. चिऱ्याच्या भिंतीला जमिनीपासून हात-दीड हात ओल चढलेली असेल, तर वर प्लास्टिक पेंट मारून झाकू नका. तो पुढच्या पावसात पापुद्र्यांसारखा सुटतो, बुरशीचा वास खोलीत राहतो. चुन्याचा गिलावा करा, भिंतीला श्वास घेऊ द्या. पोपडे सुटलेल्या भिंतीकडे तासन्‌तास बघत पडलेला माणूस त्यात चेहरे शोधू लागतो, हे मी ऐकीव सांगत नाही.

## ४. आराखडा: एकेक पायरीनं आत

गोव्याच्या जुन्या घरांनी या बाबतीत आपलं अर्धं काम करून ठेवलेलं आहे. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, बसलेला माणूस घरात असतो आणि रस्त्यावरही असतो. नमस्कार करायचा की मान वळवायची, हे त्याच्या हातात. तिथून सोपा, मग राजांगण (घराच्या मधलं अंगण), मग आतली खोली. माणसांची भीती वाटणाऱ्याला, किंवा बरेच महिने कुणाशी न बोललेल्याला, अशा पायऱ्या लागतात. थेट हॉलमध्ये उघडणारं दार आणि समोर सोफ्यावर सहा जण, ही रचना त्याला खोलीतच ठेवते.

म्हणून बाल्कांव बंद करून ग्रिल लावून 'ऑफिस' करायची जी हौस असते, ती आवरा.

प्रत्येकाला स्वतःची खोली. दहा बाय दहाची पुरे, पण एकट्याची. पैशांसाठी दोघांना एकत्र ठेवावंच लागलं, तर मध्ये कपाटांची आडभिंत आणि दोघांना वेगळी खिडकी द्या. खोलीला कुलपाचं कपाट, चावी राहणाऱ्याकडे. दाराला आतून कडी, पण बाहेरून नाण्यानं किंवा किल्लीनं उघडता येईल अशी, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. आतला माणूस चक्कर येऊन दारापाशी पडला, तर आत ढकलायचं दार उघडतच नाही. सुतार म्हणेल की अशी पद्धत नाही. करून घ्या.

बसायच्या जागा एकापेक्षा जास्त ठेवा, आणि सगळ्यात मोठ्या खोलीला दोन वाटा. भांडण होतं तेव्हा एकाला दुसऱ्याच्या अंगावरून न जाता बाहेर पडता आलं पाहिजे. आत शिरण्याआधी कोण बसलंय ते दिसावं, त्यासाठी दारात अर्धी काच किंवा रुंद कमान पुरते. खुर्च्या हलवता येणाऱ्या घ्या. भिंतीला ओळीनं लावलेल्या जोडखुर्च्या म्हणजे बाह्यरुग्ण विभाग.

स्वीडनमध्ये गोथेनबर्ग इथल्या मनोरुग्ण विभागाची इमारत नव्यानं बांधली तेव्हा एकट्याच्या खोल्या, बागेत सहज जाता येणं, हलवता येणारं सामान, कमी आवाज अशाच गोष्टी एकत्र आणल्या होत्या. रॉजर उलरिख आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात जुन्या इमारतीच्या तुलनेत रुग्णांना बांधून ठेवण्याची वेळ बरीच कमी आल्याचं दिसलं. ते इस्पितळ, आपलं घर. तरी दिशा तीच. याच उलरिखांचा १९८४ चा अभ्यास अनेकांनी ऐकला असेल: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. फणसाचं झाड पाडून पार्किंग करणाऱ्या ठेकेदाराला ही गोष्ट सांगून बघा. आमच्याकडे उपयोग झाला.

रात्री थांबणाऱ्या मदतनिसाची खोली फाटकाशी नको, स्वयंपाकघराजवळ ठेवा. टेहळणीची काच नको. खोल्यांत आणि बसायच्या जागेत कॅमेरे नकोत. 'कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय' हीच ज्याची व्यथा, त्याच्या डोक्यावर कॅमेरा लावून त्याला काय समजावणार?

## ५. उजेड, वारा, आवाज: इथे कंजुषी नको

या भागाबद्दल कुणी सांगत नाही, कारण हा आर्किटेक्ट आणि डॉक्टर यांच्या मधल्या फटीत पडतो. औषधं शरीराला काय करतात ते समजलं, की घरात काय करायचं ते कळतं.

मनोविकारावरच्या बऱ्याच औषधांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी होते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आता एप्रिल-मेमधली गोव्याची दुपार आठवा, त्यात वीज गेलेली. तेव्हा समोरासमोर खिडक्या, उंच छप्पर, कौलांखाली लाकडी माळा, पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा वेल. पंख्यांसाठी इन्व्हर्टर. पिण्याच्या पाण्याचा माठ स्वयंपाकघरात एक आणि खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात एक, पेल्यांसकट. पाण्यासाठी कुणाला विचारावं लागता कामा नये. काही औषधांनी त्वचा उन्हाला नाजूक होते, म्हणून बाहेर बसायची जागा सावलीतली.

सकाळचा उजेड झोपेचं वेळापत्रक सुधारतो. झोपायच्या खोल्या पूर्वेला मिळाल्या तर उत्तम, नाही तर निदान चहा प्यायची जागा पूर्वेला. आमच्याकडे सकाळचा चहा मागच्या पडवीत होतो. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू ऐकू आला की माझा भाऊ उठतो, तोवर ऊन पायरीवर आलेलं असतं. गजराचं घड्याळ त्यानं कधीच फेकून दिलंय. रात्री मात्र पांढरे झगझगीत दिवे नकोत, पिवळसर आणि खालच्या उंचीवर हवेत. पडदे जाड घ्या. अंधार पडल्यावर उघड्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, आणि ते प्रत्येकाला प्रतिबिंब वाटेलच असं नाही. चकचकीत काळी फरशी आणि गजबजलेल्या नक्षीच्या टाइल्स याच कारणानं टाळा. लाल कावेची जमीन जुन्या घरात असेल, तर उखडू नका.

आवाजाचं म्हणाल, तर पत्र्याचं छप्पर अजिबात नको. जूनमध्ये पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ज्याला आधीच कानात आवाज येतात, त्याची त्या गोंगाटात काय गत होत असेल? कौलं टिकवा. कौलांवर पत्रा मारून 'गळती कायमची बंद' करून देणारे ठेकेदार गावोगावी आहेत, त्यांना चहा पाजून परत पाठवा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, घुमली तर काथ्याच्या चटया, जाड पडदे, पुस्तकांची फळी घाला. पाण्याचा पंप झोपायच्या भिंतीला लागून नको.

## ६. न्हाणी, स्वयंपाकघर, दोरी

बऱ्याच औषधांनी पटकन उठलं की चक्कर येते आणि रात्री लघवीला उठावं लागतं. पलंगापासून संडासापर्यंत एकही पायरी किंवा उंबरठा नको, वाटेत पायाच्या उंचीवर मंद दिवा हवा. जुन्या घरातली न्हाणी मागच्या अंगणात असते. ती आत घ्यावीच लागेल. दोघांत एक न्हाणी, खरखरीत फरशी, धरायला दांडी, बाहेर उघडणारं दार. औषधांनी हात थरथरतात, म्हणून फिरवायच्या नळांपेक्षा दांडीचे नळ घ्या.

पुढच्या दारी उतार करायचा तर उंचीच्या बारा पट लांबी धरा. दीड फुटाच्या पायऱ्यांना अठरा फूट. इतकी जागा नसेल, तर मागच्या दारी बघा. तिथे जोतं बहुतेक कमी असतं.

स्वयंपाकघराला हॉटेलच्या किचनचं रूप देऊ नका. दोन ओटे असावेत, म्हणजे एक जण कांदा चिरताना दुसऱ्याला सोलकढी करता येते, आणि बाजूला चार माणसं बसतील असं टेबल. सिलिंडर बाहेर. विसरभोळेपणा जास्त असेल तर इंडक्शन बरा. सुऱ्या एका खणात, आणि तो खण बंद ठेवायचा की नाही, हे त्या-त्या वेळच्या माणसांवरून ठरवा. कायमचं कुलूप लावून दहा वाजताची पेजसुद्धा कुणीतरी आयती वाढू लागलं, की पुढे भांडी घासायलाही कुणी उठत नाही.

कपडे वाळत घालायची झाकलेली जागा नकाशातच दाखवा. पावसाचे चार महिने सहा माणसांचे ओले कपडे खोल्यांत लटकले, की घराला जो कुबट वास येतो त्यानं भेटायला आलेली माणसं दहा मिनिटांत उठतात. विडी-सिगरेट ओढणारेही असणार. 'बंदी' लिहून ते थांबत नाहीत, पलंगावर चोरून ओढतात, आणि आग तिथेच लागते. बाहेर छपराखाली एक बाक आणि वाळूचं मडकं ठेवा.

## ७. सुरक्षितता

विहिरीला मजबूत जाळी, आणि ती पहिल्या दिवसापासून. परसातली कीटकनाशकं, तणनाशकं, उंदराचं औषध घरात ठेवायचंच नाही. औषधांचं कपाट कुलपाचं, आत आठवड्यापुरताच साठा. ज्याला आपली औषधं स्वतः सांभाळता येतात, त्याला ती हळूहळू त्याच्याकडे सोपवा. माळ्यावर आणि गच्चीवर जाणारा जिना बंद करता यावा.

बाकीच्या धोक्यांची यादी इथे देत नाही. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाला आणि आर्किटेक्टला एकत्र घरातून फेरी मारायला लावा, काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. दोघंही 'वेळ नाही' म्हणतील. वेळ काढायला लावा. खिडक्यांना गज लावणार असाल, तर जुन्या घरातल्यासारखे साधे उभे लाकडी गज लावा, आणि प्रत्येक बाजूला आगीच्या वेळी आतून उघडेल अशी एक खिडकी ठेवा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरात लावा. तो चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. फोन राहणाऱ्यांना वापरता येईल अशा जागी ठेवा, ऑफिसच्या कुलपात नको.

## ८. शेजार आणि पंचायत

कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियाचा पणजीतला पुतळा आपण पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो, मनाचा अभ्यास करणारा आपला माणूस म्हणून. पण मन बिघडलेला माणूस शेजारी राहायला येतो म्हटलं की ग्रामसभेत हात वर होतात. आमच्याही बाबतीत झाले.

फाटकावर संस्थेची पाटी नको. नोंदणीचं प्रमाणपत्र लावायचं ते आत, दर्शनी जागी. लपवाछपवी मात्र करू नका. काम सुरू होण्याआधी आजूबाजूच्या पाच-सहा घरांत स्वतः जा, सरपंचाला भेटा, पंचाला भेटा. 'काही धोका नाही' असं आश्वासन देत बसू नका, कारण त्यानं धोक्याचीच चर्चा सुरू होते. घरात कोण जबाबदार आहे, रात्री कुणाला फोन करायचा, एवढं सांगून नंबर द्या. घराचा रंग गावातल्या इतर घरांसारखा ठेवा, निळा किंवा पिवळा, खिडक्यांना पांढरी किनार. इस्पितळातला फिकट हिरवा मुळीच नको. पहिल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांचं, सामान गोळा करायला आमच्याकडचे दोघं वाड्यावरच्या मुलांबरोबर रानात गेले. त्यानंतर ग्रामसभेतला विषय आपोआप मागे पडला.

## ९. ठेकेदार आणि पैसे

थोडक्यात सांगते. छप्पर मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे, हे करारात लिहा. पैसे टप्प्यांनी द्या, न्हाण्यांमध्ये पाणी सोडून बघितल्याशिवाय तो टप्पा चुकता करू नका. बांधकामाच्या रकमेशिवाय वर्षभराचा चालू खर्च, म्हणजे मदतनिसाचा पगार, वीज, औषधं, बाजूला काढलेला नसेल तर बांधकाम सुरूच करू नका. घरं बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही.

## १०. राहायला आल्यावर

सगळे एका दिवशी आणू नका. आधी दोघं, मग दोन आठवड्यांनी पुढचे. येण्याआधी दुपारपुरतं, मग एक रात्र, असं राहून बघू द्या. खोलीचा रंग, पलंग कुठल्या भिंतीला, हे ज्याचं त्यानं ठरवावं. घराची एक चावी प्रत्येकाला.

सहा महिन्यांनी नकाशा घेऊन घरात फिरा आणि माणसं प्रत्यक्षात कुठे बसतात त्यावर खुणा करा. आमच्याकडे दिवाणखान्यात मुद्दाम केलेल्या कोपऱ्यात कुणी बसत नव्हतं, सगळे मागच्या पायरीवर. शेवटी दिवाणखान्यातला बाक उचलून तिकडे नेला आणि वर कौलांची लहान पडवी काढली. अशा बदलांसाठी थोडे पैसे राखून ठेवा. मग दरवर्षी एप्रिलमध्ये कौलं फेरायची, पन्हळी साफ करायच्या, विहिरीची जाळी तपासायची, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं.